दाराबाहेरची निळी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. मोजायला मला चार पाय आहेत, पण जमिनीला तीनच टेकतात. चौथा पाय हवेत काय शोधत असतो ते त्यालाच ठाऊक. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसलं आलंय आत्मवृत्त, तिचं आयुष्य बसण्यातच गेलं असणार. हा मोठा गैरसमज आहे. बसतात ती माणसं. खुर्ची जन्मभर उभी असते.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या दिवशी माझ्यासकट आम्हा दोनशे बहिणींचा जन्म झाला, त्यामुळे बारशाचा प्रश्न आला नाही. सगळ्यांच्या पाठीवर एकच नाव पडलं, 'रामकिसन मंडप'. रामकिसनशेठ आमचे पहिले मालक. लग्न, मुंज, बारसं, दहावा, सत्कार, निषेध, असं एकही कार्य नसेल जिथं मी उभी राहिले नाही. एकदा तर सकाळी साखरपुड्याला होते आणि दुपारी शोकसभेला. दोन्हीकडं पहिल्या रांगेत तीच माणसं होती.

मग एका जाहीर सभेत घात झाला. पुढारी दिसावेत म्हणून एक गृहस्थ माझ्यावर चढून उभे राहिले. ते गृहस्थ काय बघतायत ते दिसावं म्हणून दुसरे गृहस्थ त्यांच्या खांद्याला धरून माझ्यावर चढले. माझा पाय वाकला. पुढारी शेवटपर्यंत आलेच नाहीत.

लंगडी खुर्ची कोण पाहुण्यापुढं ठेवणार? दोन वर्षं मी गोदामात ताडपत्रीखाली होते. तिथं एका उंदरिणीनं माझ्या आडोशाला चार बाळंतपणं केली. तिनं माझ्या पायाबद्दल एकदाही तक्रार केली नाही, हे मी कधी विसरणार नाही. पुढं रामकिसनशेठनी मला भंगारच्या हातगाडीवर टाकलं. हातगाडी गल्लीत थांबली असताना एक पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ फुटका कुकर घेऊन बाहेर आले, आणि कुकर देऊन मला घेऊन गेले. तेच मधुसूदनराव.

मधुसूदनराव कोर्टात कारकून होते. त्यांचे आजोबा देवळात पूजा सांगायचे, वडील कचेरीत लिहायचे, आणि मधुसूदनरावांनी एकोणीस वर्षं दारू प्यायली. हे मी नाही, ते स्वतःच सांगतात, दर रविवारी, अगदी जबानी लिहून घेतल्यासारखं. मग ती सुटली. सुटून चौदा वर्षं झाली होती, तेव्हा मी त्यांच्या घरी आले.

त्यांच्याकडं फाटकाला लावून उरलेला निळा रंग होता. तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आधी सायकल रंगवली, मग गच्चीवरची टाकी, मग मला. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई दारातून म्हणाल्या, "डबा संपेपर्यंत माझ्याजवळ येऊ नका." असे आम्ही चौघं एका रंगाचे झालो. भानुमतीबाई वाचल्या.

मधुसूदनराव आणि आणखी दहा-अकरा जण दर रविवारी पाच वाजता औरंगपुऱ्यात जमायचे. एका जुन्या शाळेची मागची खोली त्यांना मिळाली होती, तिचं दार बोळात उघडतं. सगळे कधीकाळी पिणारे, आता न पिणारे. गोल करून बसायचं, आपलं नाव सांगायचं, आडनाव सांगायचं नाही, आणि खरं बोलायचं. वर्गणी नाही, भाषण नाही, हार नाही. मंडपाच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या मला हा प्रकार कार्यक्रम वाटेचना.

सुरुवातीला त्यांनी दारावर पाटी लावली होती म्हणे. तीन महिने एकही नवा माणूस आला नाही. कारण औरंगपुऱ्यात प्रत्येकाच्या मेव्हण्याचं दुकान आहे. त्या पाटीखालून आत शिरलं की दिवेलागणीच्या आत सासुरवाडीला बातमी पोचते. गंमत अशी, की दारूच्या दुकानात शिरताना हीच माणसं मेव्हण्याला हाक मारून जायची. ती सोडायला जाताना मात्र लाज आडवी यायची. शेवटी पाटी उतरवली आणि तिच्या जागी मला ठेवलं.

माझी नवी नोकरी अशी होती. साडेचार ते साडेसहा दाराबाहेर उभं राहायचं. कोणी बसायचं नाही. फोनवर ज्यांनी पत्ता विचारला असेल त्यांना मधुसूदनराव सांगायचे, "शाळेच्या मागच्या बोळात निळी खुर्ची दिसेल. तिथं आत या. कोणाला विचारू नका. विचारलंत तर पत्ता सगळे सांगतील, पण आधी चौकशी करतील."

मला सुरुवातीला फार अपमान वाटला. जिच्यावर कोणी बसायचं नाही ती कसली खुर्ची? मला वाटलं, पाय लंगडा म्हणून बाहेर ठेवलंय. माझं खरं काम काय आहे ते मला कडूबामुळे कळलं.

आता, मित्रांनो, त्या खोलीचा एक नियम आहे. आत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. मी बाहेर असले तरी दार जुनं आहे, सगळं ऐकू येतं. बाकी कोणाचं मी काही सांगणार नाही. मधुसूदनरावांची हरकत नाही. आणि कडूबाचं सांगते, कारण कडूबानं ते स्वतःच तीनशे माणसांपुढं माईकवरून सांगितलं आहे, आणि घरचं सांगायलाही त्याची ना नाही. त्याची हकिकत ऐका.

कडूबा बजाजनगरला राहायचा, वाळूजच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. अकरा वर्षं पीत होता. त्याची बायको आवडाबाई. तिच्या माहेरची एक हिरवी पत्र्याची पेटी होती. एका रविवारी सकाळी तिनं त्या पेटीत आपल्या साड्या, पोरींचे फ्रॉक, देवीची तसबीर आणि सगळ्यात खाली आपला लग्नातला शालू भरला आणि पेटी उंबऱ्याशी आणून ठेवली. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चिठ्ठीवरून तिनं मधुसूदनरावांचा नंबर लिहून घेतला होता. फोन तिनंच केला, पत्ता तिनंच विचारला. नवऱ्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, डोक्याला तेल लावलं, आणि त्याच्या तळहातावर बॉलपेननं लिहिलं, 'निळी खुर्ची'.

"अवो, नीट ऐका," ती म्हणाली. "तिथं जाऊन आलात तर पेटी हाय तिथं ऱ्हाईल. नाय गेलात तर मी पोरींना घेऊन माहेरी फुलंब्रीला चालले. अन् ह्या बारीला परत यायची नाय."

कडूबा निघाला. क्रांती चौकात बसमधून उतरला, तिथून रिक्षा केली. वाटेत त्यानं तीन वेळा तळहात उघडून बघितला. आणि इकडं नेमकं त्याच वेळी मला चोरलं.

त्या दिवशी शाळेच्या पुढच्या हॉलमध्ये वधू-वर परिचय मेळावा होता. जिल्ह्याभरातून लोक आलेले, खुर्च्या कमी पडल्या. दोन कार्यकर्ते खुर्च्या हुडकत मागच्या बोळात आले. एक म्हणाला, "ही रिकामीच हाय." दुसरा म्हणाला, "उचल मग." बस्स, एवढाच माझा खटला चालला. त्यांनी मला नेऊन हॉलच्या दारात, नावनोंदणीच्या टेबलामागं ठेवलं. माझ्यावर चतुराबाई नावाच्या एक भारदस्त बाई बसल्या. पुढ्यात रजिस्टर, शेजारी टाचण्या आणि बिल्ले. त्या लिहिताना डावीकडं कलायच्या आणि शाई टिपताना उजवीकडं.

जरा वेळानं त्या पाणी प्यायला उठल्या. तेवढ्यात कडूबा आला. त्यानं मला पाहिलं, तळहात पाहिला, परत मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला तो मी आजवर एकाही नवरदेवाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, मी चुकीच्या दारात आहे! पण खुर्चीला फक्त करकरता येतं, तेही वर कोणी असेल तर.

चतुराबाई परत आल्या. "नाव?"

"कडूबा."

"आडनाव?"

"आडनाव सांगायचं नसतं म्हनं हितं."

"बरोबर आहे," चतुराबाई म्हणाल्या. "आधी पसंती होऊ द्या. एकटेच आलात? घरचं कोणी नाही?"

"बायकोनं पाठवलं."

चतुराबाईंचं पेन थांबलं. "बायकोनं?"

"व्हय. ती म्हनली, आज शेवटचं. नाय गेलात तर मी चालले."

"म्हणजे सगळं ठरलंय तुमचं?"

"तिचं ठरलंय, ताई. माझं हितं ठरंल."

"समजूतदार बाई दिसते," चतुराबाई उसासा टाकून म्हणाल्या. मग त्यांनी एक पिवळा कागदी बिल्ला काढला, त्यावर लिहिलं 'पुनर्विवाह, क्र. ४१', आणि तो कडूबाच्या शर्टाला टाचला. कडूबानं बिल्ला वाचला नाही. त्याला वाटलं, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच देत असतील.

तो आत जाऊन बसला. दारातून मला तो नीट दिसत होता. मित्रांनो, त्याचे डोळे भरून आले होते. ते का, हे त्यानं पुढं सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत सांगते: "मला वाटलं व्हतं धा-पंधरा जन असतील. हितं तर सारा जिल्हाच. म्हातारी मानसं, पोरी, आया. अन् सगळे कसे नटून थटून, घरच्यांना संगं घिऊन आलेले. म्हनलं, येवढे लोक पितात अन् मी उगा एकटाच लाजत व्हतो."

स्टेजवर आप्पासाहेब होते, फेटा बांधून, माईक धरून. एकेक मुलगा वर जाऊन आपला परिचय द्यायचा. शिक्षण, नोकरी, शेती, आणि शेवटी न चुकता, "मी पूर्ण निर्व्यसनी आहे." कडूबा प्रत्येकाला टाळ्या वाजवत होता. क्रमांक सतरा हा ब्लेझर घातलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. त्यानं "लहानपणापासून निर्व्यसनी" असं सांगितलं तेव्हा कडूबा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बघा काका, कवळ्या वयात सुटली! मला अकरा वर्सं जमलं नाय."

शेजारचे काका दोन खुर्च्या पलीकडं सरकले.

"पुनर्विवाह, क्रमांक एकेचाळीस!" आप्पासाहेबांनी पुकारा केला.

कडूबा स्टेजवर गेला.  सकाळपासून घेतली नव्हती, आणि समोर तीनशे माणसं होती. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी कडूबा. ऱ्हानार बजाजनगर. कंपनीत प्रेसवर हाय." मग एका दमात म्हणाला, "मी पितो. अकरा वर्सं झाली. रोज पितो. सोडतो म्हनून पोरींच्या शपथा घेतल्या, त्या बी मोडल्या."

आप्पासाहेब दुपारपासून चाळीस परिचय घेऊन चक्रावलेले होते. त्यांच्या तोंडून सवयीनं पुढचा प्रश्न गेला, "शेती?"

"दोन एकर. भावाकडं."

"अपेक्षा?"

"अपेक्षा येकच. बायकोनं जाऊ नाय."

मित्रांनो, मी दोनशे लग्नं पाहिली आहेत. मंगलाष्टकं चालू असताना माणसं जेवणाची पंगत कुठं बसलीय ते बघत असतात. पण त्या क्षणी त्या हॉलमध्ये कोणी कुठंच बघत नव्हतं. मग तिसऱ्या रांगेतून साळूबाई नावाची एक म्हातारी उठली. नातीला घेऊन आली होती. म्हणाली, "आप्पा, दुपारधरनं नुसतं निर्व्यसनी, निर्व्यसनी ऐकून कान किटले माजे. येकच मानूस खरं बोलला बग. अन् त्यो बी लगीन झालेला!"

इकडं मागच्या बोळात मधुसूदनराव बाहेर येऊन बघतात तर मी जागेवर नाही. ते सगळा बोळ हुडकत होते. एवढ्यात शाळेवरच्या कर्ण्यातून अख्ख्या औरंगपुऱ्याला ऐकू गेलं, "मी पितो. अकरा वर्सं झाली." आजवर त्यांच्या गटातल्या कोणी हे लाउडस्पीकरवरून सांगितलेलं नव्हतं. पण असं बोलणारा आपलाच माणूस, हे त्यांनी ओळखलं. ते धावत हॉलमध्ये आले, मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, थेट स्टेजवर गेले आणि कडूबाचा हात धरून म्हणाले, "हा आमचा आहे."

आप्पासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "आपण मुलीकडचे का?"

मधुसूदनरावांची पंचाईत झाली. कुठून आलो ते सांगायचं नाही, आणि कारकुनाला खोटं लिहून देता येत नाही. ते म्हणाले, "आम्ही मागच्या खोलीतले."

कोणाला काही कळलं नाही, पण एक स्थळ मार्गी लागतंय एवढं सगळ्यांना दिसलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात मधुसूदनरावांनी चतुराबाईंना नम्रपणे उठवलं, माझी घडी घातली, एका हातात मला आणि दुसऱ्या हातात कडूबाला धरून ते निघाले. चतुराबाई 'जमलं हो!' म्हणाल्या आणि त्यांनी उभ्यानंच रजिस्टरमध्ये लिहिलं, 'क्र. ४१, जमलं.' पुढं मेळाव्याचा अहवाल छापून आला, त्यात 'एक विवाह जागेवरच जुळला' अशी ठळक ओळ होती.

मागच्या खोलीत आल्यावर कडूबानं मोजलं. अकरा माणसं. त्याचा चेहरा पडला. "येवढेच? फुडं तर तीनशे हायती!"

"ते अजून यायचेत," मधुसूदनराव म्हणाले. "बस."

तो माझ्यावर बसला. मी डुगडुगले. लोक अशा वेळी खुर्ची बदलतात. कडूबा खाली वाकला, माझा पाय हातानं चाचपला, छातीवरचा पिवळा बिल्ला काढून त्याची चार पदरी घडी केली आणि माझ्या पायाखाली सरकवली. मी स्थिर झाले. इतक्या वर्षांत माझ्या पायाकडं बघणारा तो पहिला माणूस. दुसऱ्या रविवारी त्यानं कंपनीतून तार आणून ती घडी पायाला पक्की बांधून टाकली. आजही ती तिथंच आहे.

त्या दिवशी तो घरी गेला आणि आवडाबाईनं पेटीतून एकच वस्तू बाहेर काढली, धाकटीचा फ्रॉक. "एका रविवारला एक," ती म्हणाली. "सगळी पेटी एका दमात रिकामी करायला मी काय खुळी नाय."

मग दर सोमवारी आमच्या कडूबाचा हिशेब तिकडं मांडला जाऊ लागला. दुसरा फ्रॉक. साडी. साडी. देवीची तसबीर. कडूबा रविवारी आत येऊन आधी पेटीची बातमी द्यायचा आणि सगळे अकरा जण ती वर्तमानपत्र ऐकावं तशी ऐकायचे. पाचव्या रविवारी बोळात एक मुलगा घुटमळताना दिसला. माझ्याकडं बघायचा, पुढं जायचा, परत यायचा. मी त्याला ब्लेझर नसतानाही ओळखलं. क्रमांक सतरा. "लहानपणापासून निर्व्यसनी." शेवटी तो आत गेला. त्याचं मी यापुढं काही सांगणार नाही, नियम आहे. एवढंच सांगते, की कडूबा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

पेटीत तळाशी फक्त शालू राहिला. आणि पोळा आला.

कडूबा पोळ्याला गावी गेला. भावानं बैल सजवले, मिरवले, आणि संध्याकाळी गोठ्यामागं बाटली काढली. "सणाला काय हुतंय," भाऊ म्हणाला. त्या रविवारी कडूबा आला नाही. आतले सगळे दाराकडं बघत राहिले. मीही बोळाच्या तोंडाकडं बघत होते. खुर्चीला दुसरं काय करता येतं?

घरी आवडाबाईनं सगळ्या वस्तू परत पेटीत भरल्या. "येत्या रविवारी सांजच्याला रिक्षा सांगितलीय," तिनं एवढंच कळवलं.

त्या पुढच्या रविवारी पाचनंतर कडूबा बोळात आला. दाढी वाढलेली, शर्ट तोच पांढरा, पण इस्त्रीविना. दारापर्यंत आला, आतले आवाज ऐकले, आणि आत न जाता माझ्यावर बसला. मी कामावर असताना माझ्यावर बसणारा पहिला माणूस तोच. बोळाकडं पाठ, डोकं खाली. त्याचं सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण त्या वेळी मी जितकी ताठ उभी राहिले तितकी एकाही मंत्र्याखाली राहिले नसेन.

थोड्या वेळानं मधुसूदनराव बाहेर आले. त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी कडूबाला दिला आणि स्वतः पायरीवर बसले.

"काका," कडूबा म्हणाला, "मी आत यायच्या लायकीचा नाय. बाहेरच बसतो."

"बाहेर बसायची सोय नाही," मधुसूदनराव म्हणाले. "ती खुर्ची कामावर आहे."

"बैलाच्या सणाला बैलावाणी प्यालो."

"बैल पाणी पितो."

कडूबा हसला नाही. पण त्यानं चहाचा एक घोट घेतला. "आवडा आज चाललीय. रिक्षा सांगितलीय तिनं."

"किती वाजता?"

"साडेसातला."

"मग दीड-दोन तास आहेत. आत एक खुर्ची कमी पडतेय. ही उचल आणि आत आण."

कडूबानं माझ्याकडं पाहिलं. "अन् ही आत नेली तर नवा मानूस कसा येईल? त्याला कसं कळंल कुठं यायचं ते? तो बिचारा पुन्यांदा कुठल्या मेळाव्यात घुसायचा!"

मधुसूदनरावांनी कप खाली ठेवला. "कडूबा," ते म्हणाले, "आज नवा माणूस तूच आहेस."

मग कडूबा उठला. त्यानं माझी घडी घातली, मला पोटाशी धरलं आणि उंबरा ओलांडून आत आणलं. आत खुर्च्या पुरेशा होत्या. उलट एक जास्तच होती. दारू सुटल्यापासून मधुसूदनराव एकदाच खोटं बोलले ते हे.

त्या दिवशी आत तो काय बोलला ते मी सांगणार नाही. ते माईकवर नव्हतं.

घरचं मात्र त्यानं नंतर सांगितलं. तो बजाजनगरला पोचला तेव्हा रिक्षा दारात होती. पेटी रिक्षात, पोरी चपला घालून उंबऱ्यात. तो आवडाबाईला म्हणाला, "गेलतो." बाकी काही नाही, शपथ नाही, वचन नाही. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पोरींना म्हणाली, "चपला काढा गं." रिक्षावाल्याला विनाकारण चहा मिळाला.

पेटी महिनाभर उघडली नाही. मग एका सोमवारी धाकटीचा फ्रॉक निघाला.

त्या मेळाव्याला वर्ष झालं. जून महिन्यातल्या एका रविवारी बोळात रिक्षा थांबली आणि आधी हिरवी पेटी उतरली, मग आवडाबाई. अंगावर लग्नातला शालू होता. बोळातले सगळे मेव्हणे दुकानाच्या पायरीवर आले. तिनं कोणाकडं बघितलं नाही. कडूबा पेटी उचलायला पुढं झाला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. भरली मी, आनली मी, ठिवीन बी मीच."

तिनं पेटी आत नेऊन कोपऱ्यात ठेवली आणि उघडून दाखवली. रिकामी. "काका, तुमच्या कपबशा धुळीत पडलेल्या असतात म्हनं. ह्यात ठेवत जा," ती मधुसूदनरावांना म्हणाली. "मला ही घरात नगं आता."

बाहेर जाताना ती माझ्याजवळ थांबली. माझ्या पायाला तारेनं बांधलेली पिवळी घडी तिला दिसली. वाकून तिनं कडा उलगडली, वाचली, आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "पुनर्विवाह? अवो, कुनाशी?"

कडूबा शालूकडं बघत राहिला. "नावनोंदनीच्या बाई तवाच म्हनल्या व्हत्या, जमलं म्हनून," तो म्हणाला.

तेव्हापासून पेटी आणि मी एकमेकींच्या शेजारी राहतो. ती आत, मी बाहेर. ती म्हणते, मी आयुष्यात दोनदा भरले आणि एकदाच पुरती रिकामी झाले, आणि रिकामं होण्यातच माझं चीज झालं. मला ते पटतं. रंग उडाला की कडूबाच आता मला रंगवतो. रंग मधुसूदनरावांच्या त्याच डब्यातला. तो डबा अजून संपलेला नाही. भानुमतीबाई अजून लांबच बसतात.

मित्रांनो, मी त्या कुकरची ऋणी आहे, जो वेळेवर फुटला. ज्यांनी मला चोरलं त्या दोघा कार्यकर्त्यांचीही आहे. पण चोरी नशिबानं सुखाची झाली म्हणून ती करावी असं नाही. म्हणून एवढीच विनंती करते. कुठल्याही दाराबाहेर एखादी खुर्ची दिसली आणि तिच्यावर कोणी बसलेलं नसलं, तर "रिकामीच आहे" म्हणून उचलू नका. आधी आत डोकावून विचारा. कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून, तळहातावर दोन शब्द लिहून, आत्ता क्रांती चौकात रिक्षा बघत असेल. त्याला यायला उशीर होईल. रस्ता चुकेल, मागं फिरेल, परत येईल.

तोवर मला इथंच राहू द्या. उभं राहायची मला सवय आहे.